फ्रेमबाहेरची ओल

होळी बाजारात शेवळं दिसायला लागली की मी कॅमेऱ्याची बॅग कपाटातून काढते. वसई गावातला हा बाजार माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मृगाच्या आगेमागे पूर्वेकडच्या पाड्यांतून आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन इथे बसतात. शेजारी काकडांचा वाटा असतोच, कारण काकडांच्या आंबटपणाशिवाय शेवळाची खाज मरत नाही. जुडी बाजारात आली म्हणजे पाऊस नुसता पडून वाहून गेलेला नाही, मातीत कंदापर्यंत उतरला आहे, एवढं मला कळतं. शेवळाचा कंद जागा झाला असेल तर त्याच रानातले दुसरे कंदही जागे झाले असणार. आषाढ हबे-आमरीची पानं आता कातळावर यायला लागतील.

ही आमरी म्हणजे आपलं रानटी ऑर्किड. एखादंच गोलसर पान, तेही जमिनीला चिकटलेलं, आणि त्यातून वर आलेल्या वीतभर दांड्यावर एक-दोन पांढरीशुभ्र फुलं. महाराष्ट्राच्या रानांत ऑर्किडच्या शंभराहून अधिक जाती आहेत. काही झाडांच्या सालीवर वाढतात, बऱ्याच जमिनीवर. जमिनीवरच्या बहुतेक जाती पावसाळ्याचे चार महिने वर दिसतात आणि उरलेलं वर्ष कंदाच्या रूपात मातीखाली काढतात. नोव्हेंबरात त्याच जागेवरून तुम्ही चालत गेलात तर पायाखाली आमरी आहे याची काहीही खूण मिळत नाही.

माझे फोटो बघणारे पहिल्यांदा लेन्स विचारतात. कुठली, किती मिलिमीटरची, केवढ्याला पडली. मी सांगते, शंभर मिलिमीटरची मॅक्रो. पण या कामात कॅमेऱ्याचा वाटा शेवटच्या तासाभराचा असतो. त्याआधीचं सगळं पाण्याचा माग काढण्यात जातं, आणि फोटोत नेमकं तेच येत नाही. चौकटीत येतं ते फूल. ज्या ओलीमुळे ते फूल तिथे आहे ती चौकटीच्या बाहेर राहते. आज त्या बाहेर राहिलेल्या भागाबद्दल लिहायचं आहे.

ओल ओळखायला मला शिकवलं ते बाजारातल्या एका मावशींनी. तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या एका पाड्यावर त्यांचं घर. माझ्या मोबाइलवरचा आमरीचा फोटो बघून त्या म्हणाल्या, "हे तर आमच्या वाटेवर असतं. खायचं नाही, कशाला बघू?" मग एका पावसाळी सकाळी त्यांनीच मला बरोबर नेलं. मी डोळे जमिनीला लावून फूल शोधत होते. त्या अनवाणी, भराभर चालत पुढे. थोड्या वेळाने थांबल्या आणि म्हणाल्या, "बाय, फूल नको शोधू. पाय ठेवल्यावर पाणी कुठे वर येतं ते बघ."

त्या वाक्याने माझी चालच बदलली. कातळावर तीन तऱ्हेच्या ओल्या जागा असतात. एक, जिथे पाणी साचून डबकं होतं. तिथे आमरीचा कंद कुजतो. दुसरी, जिथून पाऊस थांबल्यावर तासाभरात पाणी निघून जातं. तिथे गवतही पिवळं पडतं. तिसरी मात्र वेगळी. खडकावर चार बोटं माती, आणि त्या मातीखालून वरच्या उताराचं पाणी सतत पाझरत असतं. वरून बघितलं तर काहीच दिसत नाही. पाय दाबला की टाचेभोवती पाणी गोळा होतं आणि पाय उचलला की पुन्हा आत जातं. आमरीला हवी असते ती ही जागा. पाणी चालतं राहिल्याने मुळांना हवा मिळते. माती पातळ असल्याने गवत कमरेएवढं वाढत नाही, म्हणून बुटक्या आमरीलाही उजेड मिळतो. पाझर पावसाळा उघडल्यावरही काही आठवडे टिकतो, आणि त्या आठवड्यांत कंद पुढच्या वर्षाची शिदोरी भरून घेतो. मावशी हे सगळं तळपायाने ओळखत होत्या. त्यांनी दाखवलेल्या पाझराच्या कडेने चालत गेलो तर दोन्ही बाजूंना पानंच पानं होती, कातळावर कोणी हिरव्या टिकल्या चिकटवाव्यात तशी.

त्या ओलीत डोळ्यांना न दिसणारं आणखी एक जण असतं. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक. एका बोंडात हजारो बिया, पण एकीतही कोवळ्या रोपासाठी साठवलेलं अन्न नाही. मातीतली ठरावीक बुरशी त्या बीत शिरते आणि तिच्यामार्फत अन्न मिळतं तेव्हाच बी रुजतं. फ्रान्समधल्या नोएल बर्नार या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये हे पहिल्यांदा ओळखलं. रानातली आमरी उपटून कुंडीत लावणाऱ्यांना मी हेच सांगते. तुम्ही झाड आणलंत, त्याची माती, बुरशी आणि पाझर तिथेच राहिला. दुसऱ्या पावसात कुंडी रिकामीच राहते.

आता फोटोकडे येते. आषाढातली पांढरी फुलं टिपणं अवघड असतं ते प्रकाशामुळे. उघडं ऊन पडलं की पाकळ्यांवरचे बारीक पदर पुसले जातात आणि फोटोत नुसता पांढरा डाग उरतो. म्हणून ढगाळ दिवस हवा, शिवाय एक्स्पोजर थोडं खाली. पण ढगाळ म्हणजे पाऊस, आणि पाऊस म्हणजे छत्री. एका सहलीत बरोबरच्या मित्राने माझ्यावर हिरवी छत्री धरली होती. घरी येऊन संगणकावर बघितलं तर फुलाच्या कडांना फिकट हिरवी झाक. पांढरं फूल भोवतालचा प्रत्येक रंग उचलतं. निळा रेनकोट घालून जवळ झुकलात तर तोही पाकळीवर उतरतो. तेव्हापासून आमच्या गटात पावसात कोणी रंगीत काही घालत नाही.

पुढच्या वेळी मावशींच्या घरच्या काकांनी खोपटातून इरलं काढून दिलं. बांबूच्या चौकटीत सुकी पानं गुंफलेलं, भातलावणीला वाकून काम करताना पाठीवर घ्यायचं. आता पाड्यावरही प्लॅस्टिकच्या खोळी आल्या आहेत, इरलं विणणारी माणसं थोडी राहिली. मी ते दोन दगडांवर टेकवलं आणि खाली आडवी झाले. सुक्या पानांचा मातकट रंग फुलावर जवळजवळ काहीच झाक टाकत नव्हता. एका बाजूने मऊ उजेड आत येत होता, पाऊस पाठीमागे निथळत होता आणि वारा अडला होता. दांडा हलायचा थांबला तेव्हा मी एकामागून एक फ्रेम घेतल्या, प्रत्येक वेळी फोकस केसभर पुढे सरकवत, म्हणजे नंतर त्या एकत्र जोडून पुढच्या पाकळीपासून मागच्या पाकळीपर्यंत सगळं स्वच्छ दिसावं. एवढा चांगला स्टुडिओ मला शहरात कुठल्याही भाड्याला मिळाला नसता. काका बाजूला उकिडवे बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "शेत लावायला एवढा वेळ लागत नाही."

कॅमेऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट नव्या मंडळींना आवर्जून सांगते. एसी गाडीतून उतरून लगेच लेन्स बाहेर काढू नका. थंड काचेवर दमट हवेतलं पाणी जमतं आणि तुम्ही पुसत बसता. बॅग बंद ठेवून अर्धा तास रानात चाला. तेवढ्यात काच बाहेरच्या हवेशी जुळवून घेते, आणि तुमच्या डोळ्यांचंही तसंच होतं. झोपण्याआधी पोटाखालची जमीन हाताने चाचपा. जिथे एक फूल उमललं आहे तिथे आजूबाजूला न फुललेली पानं असतात, आणि चिखलात रुतलेल्या कोपराखाली अख्खा कंद चेपला जाऊ शकतो. फ्रेममध्ये येणारं गवत कापायचं नाही. ते दोऱ्याने हलकेच मागे बांधायचं आणि निघताना सोडायचं. उन्हापावसात तेच गवत त्या दांड्याला आधार देत असतं.

नुसता सुंदर फोटो ओळख पटवायला पुरत नाही, हे मला मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियममुळे समजलं. या संग्रहाला ज्यांचं नाव आहे ते फादर एथेलबर्ट ब्लॅटर स्वित्झर्लंडहून आलेले. त्यांनी आणि चार्ल्स मॅकॅन यांनी मिळून मुंबई इलाख्यातल्या आमरींची नव्याने छाननी केली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती छापली. आपल्या आषाढ हबे-आमरीचं आजचं शास्त्रीय नाव, हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस, या दोघांनीच १९३२ मध्ये दिलं. पुढे स्पेनमधून येऊन भारताचेच झालेले फादर सांतापाव आणि त्यांच्याबरोबर काम केलेले कापडिया यांचं मुंबईच्या ऑर्किडांवरचं पुस्तक १९६६ मध्ये निघालं. या मंडळींचा भर फुलाच्या सौंदर्यावर नव्हता. हबेनारियाच्या दोन जाती वेगळ्या करायच्या तर फुलाच्या मागे लोंबणारी मधाची नळी, म्हणजे शुंडिका, देठासारख्या अंडाशयापेक्षा लांब की आखूड हे बघावं लागतं. पाकळी एकसंध की दुभंगलेली, ओठाचे तीन भाग कसे, पान जमिनीलगत की दांड्यावर, हे बघावं लागतं. म्हणून मी प्रत्येक झाडाचे समोरून, बाजूने, पायथ्याचा, पानाचा आणि शेवटी आजूबाजूच्या जमिनीसकट, असे फोटो घेते. शेवटचा फोटो छापायला कोणी मागत नाही. एका संपादकांनी तर काळ्या पार्श्वभूमीवरचं फूल तेवढं ठेवलं आणि कातळ, पाणी, मागचं गवत सगळं कापून टाकलं. मला तो फोटो अजूनही परका वाटतो.

चौकटीबाहेर राहणाऱ्यांत माणसंही असतात. अलेक्झांडर गिब्सन हे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक, पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी तिथल्या वनस्पतींची रंगीत चित्रं काढून घेतली. ती चित्रं आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात आहेत. ती काढणारा चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच माहीत आहे. त्याचं नाव कुठेही नोंदलेलं नाही. ही गोष्ट मी वाचली तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांसमोर आले ते वसईच्या किल्ल्याच्या आसपासचे आमचे शेजारी, त्यांची आडनावं, त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा. तो चित्रकार वसईचा होता असं म्हणायला काहीच आधार नाही आणि मी तसं म्हणतही नाही. पण हातात कुंचला घेऊन रोज ताज्या फुलासमोर बसलेला माणूस नावाशिवाय राहतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून माझ्या फोटोंच्या नोंदीत मी वाट दाखवणाऱ्यांची नावं लिहिते. मावशींनी मात्र स्वतःचं नाव छापायला मनाई केली आहे. "लोक विचारत येतील आणि मला रोज डोंगर चढावा लागेल," म्हणाल्या. त्यांचा शब्द मी पाळते.

सर्वांत जास्त वाट बघायला लावली ती लांब शुंडिकेच्या पांढऱ्या आमरीने. हबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा हे तिचं नाव १८३९ च्या एका वनस्पती-सूचीत पहिल्यांदा छापलं गेलं. मुंबईच्या टपाल खात्याचे अधिकारी जॉन ग्रॅहम ती सूची तयार करत होते. पुस्तक छपाईत असतानाच त्याच वर्षी खंडाळ्याला त्यांचं निधन झालं आणि उरलेलं काम त्यांचे मित्र निम्मो यांनी पुरं केलं. या आमरीची शुंडिका माझ्या बोटापेक्षा लांब असते आणि मध असतो तो पार तळाशी. दिवसा तिच्याकडे कोणी फिरकत नाही. दिवस मावळला की मंद गोड वास सुटतो. मला तो वास ज्याच्यासाठी आहे त्याचा फोटो हवा होता.

सप्टेंबरमधली रात्र, सह्याद्रीतलं एक पठार. पाऊस थोडा उघडला होता, पायाखालचा पाझर मात्र सुरूच होता. वनखात्याची परवानगी होती, बरोबर दोन मित्र आणि गावातला एक दादा. डोक्याला लाल कागद लावलेली विजेरी, कारण पांढऱ्या उजेडाने पतंग विचलित होतात. फ्लॅशवर पातळ कागद, कॅमेरा आधीच फुलावर रोखून ठेवलेला. बोलायचं नाही असं ठरलं होतं. तासभर बेडकांचा आवाज आणि मुंग्या. मग कानाजवळून काहीतरी घोंगावत गेलं. हॉकमॉथ जातीचा मोठा पतंग फुलासमोर हवेत तरंगत थांबला, गुंडाळलेली सोंड उलगडली आणि शुंडिकेत घातली. मी बटण दाबलं. फ्लॅश चमकला आणि तो निघून गेला. थोड्या वेळाने परत आला, शेजारच्या दांड्यावर. त्या दुसऱ्या भेटीचा फोटो मिळाला. तो मोठा करून बघितला तेव्हा त्याच्या डोळ्यावर दोन पिवळे ठिपके चिकटलेले दिसले. ते परागपुंज होते. सोंड तळापर्यंत पोचवायची तर तोंड फुलात खोल दाबावं लागतं, आणि त्याच क्षणी फूल आपले पराग त्याच्यावर चिकटवतं. शुंडिका आखूड असती तर पतंग लांबूनच मध पिऊन गेला असता.

१८६२ मध्ये चार्ल्स डार्विनने मादागास्करच्या एका ऑर्किडची फूटभर लांब शुंडिका बघून लिहिलं होतं की एवढ्याच लांब सोंडेचा पतंग तिथे असला पाहिजे. तो पतंग कोणी बघितलेला नव्हता. डार्विन गेल्यावर वीसेक वर्षांनी, १९०३ मध्ये, त्याची शास्त्रीय नोंद झाली. त्या रात्री दादांना मी हे सांगितलं. ते सहज म्हणाले, "मग फूल राहायचं तर किडा राहिला पाहिजे. आणि किड्याची अळी कुठलं पान खाते?" हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. पतंगाच्या अळीला लागणारी झाडं वेगळी, ती पठाराखालच्या जंगलात. म्हणजे फूल वाचवायचं तर पाझर हवा आणि खालचं जंगलही हवं. तुंगारेश्वरच्या जंगलाला २००३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, पंच्याऐंशी चौरस किलोमीटरच्या आसपास. त्याचं मोल मला त्या प्रश्नामुळे नीट कळलं.

डोंगर सोडून घराकडे येते. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये बावखलं आहेत. हाताने खणलेली गोड्या पाण्याची तळी. पावसाचं पाणी त्यांत साठायचं, हळूहळू जमिनीत मुरायचं, विहिरी गोड ठेवायचं आणि समुद्राचं खारं पाणी लांब ठेवायचं. पूर्वी बावखलावर रहाट असायचा, केळी, पानवेली आणि फुलझाडं त्याच्या पाण्यावर. आता पुष्कळ बावखलं भराव टाकून बुजवली आहेत.

अशाच एका बावखलाच्या काठच्या हिवाळी गवतात एक फार छोटी आमरी वाढायची. झ्युक्झिन स्ट्रॅट्युमॅटिका. उंची बोटभर किंवा थोडी जास्त, पानं लालसर-तपकिरी, फुलं कणभर, पांढरी, पिवळ्या ओठाची. भाताच्या बांधावर, तळ्याच्या काठी, कधी बागेतल्या हिरवळीतही ती येते. गवत समजून लोक तिच्यावरून चालतात. ही इवलीशी वनस्पती १९३६ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात आढळली आणि तिथे पसरत गेली. गवताच्या बियांबरोबर गेली असावी असं मानतात. परदेशात ती हिरवळीतलं तण म्हणून वाढते आहे आणि आमच्याकडे तिची जागाच भरावाखाली जाते आहे. त्या बावखलाच्या काठी मी हनुवटी चिखलाला लावून फोटो घेतला होता, मागे रहाटाचं मोडकं चाक धूसर दिसतं. पुढच्या हिवाळ्यात गेले तर तिथे दगडमाती पसरलेली. झाडं नव्हती आणि पाणीही नव्हतं. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार कित्येक दिवस पाण्यात होतं, गाड्या बंद पडल्या होत्या, मिठागरांत माणसं अडकली होती. ते पाणी थोडं तरी सामावून घेणाऱ्या जागा आपणच बुजवत होतो. त्याच जागांत ही बोटभर आमरी होती. फुलांची काळजी आणि पुराची काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला अजिबात वाटत नाही.

दुसऱ्या एका वाडीतली गोष्ट मात्र चांगली झाली. बावखलावर झुकलेला जुना रायवळ आंबा, त्याच्या फांद्यांवर रास्नेचे झुपके. रास्ना म्हणजे व्हँडा टेसेलाटा. फुलाच्या पाकळ्यांवर तपकिरी चौकड्यांची नक्षी आणि निळसर-जांभळा ओठ. औषधासाठी तिची मुळं ओरबाडली जातात, त्यामुळे वस्तीजवळ एवढे मोठे झुपके क्वचितच उरतात. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा हा आंबा मुळासकट आडवा झाला. लाकूडवाला यायच्या आत वाडीच्या बाबांनी मला निरोप धाडला: "तुझी फुलं पडली गं, ये." आम्ही दोघांनी मिळून सालीसकट रास्ना सोडवली. बाबांनी काथ्या भिजवला आणि एकेक झुपका बावखलाकाठच्या चिकूवर, फणसावर, आंब्याच्या दुसऱ्या कलमावर बांधला. मी विचारलं, "बाबा, वरच्या फांदीवर का नाही?" ते म्हणाले, "पाण्यावरची गार हवा इथपर्यंतच येते." त्यांनी कधी ऑर्किडवरचं पुस्तक वाचलेलं नाही. नव्या मुळ्यांनी चिकूची साल धरली तेव्हा काथ्या आपोआप कुजून गळून पडला. फूल आलं तेव्हा बाबांनी मोबाइलवर स्वतः काढलेला फोटो पाठवला. हललेला आहे, तरी माझ्या संग्रहात तो वरच्या रांगेत आहे.

आता जागांबद्दल. या लेखात कुठल्याही पाझराचा ठावठिकाणा दिलेला नाही, आणि कोणी विचारलं तरी देणार नाही. फोटो इंटरनेटवर टाकण्याआधी त्यातली जीपीएसची नोंद मी पुसते. ही सवय एका प्रसंगाने लागली. एका पठारावर वाघचौरा फुलला होता. कंबरेएवढा दांडा, मोठी पांढरी फुलं, दूरवर जाणारा वास. कोणीतरी जागेचं नाव लिहिलं. पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागली. आम्ही पोचलो तेव्हा दांडा खुडून बाजूला पडलेला होता. स्वतःचा फोटो झाल्यावर दुसऱ्या कोणाला मिळू नये म्हणून असं करणारी माणसं आहेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या दिवशी फार चिडले होते. आता चीड कमी झाली आहे, पण मौन वाढलं आहे. जगभरच्या सगळ्या ऑर्किडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आहे, अभयारण्यातून काहीही नेणं गुन्हा आहे. तरीही अमरकंदासारख्या जातींचे कंद सालममिश्रीच्या नावाखाली खणून विकले जातात. एका दांड्याला फूल यायला कंदाला किती पावसाळे लागतात हे खणणाऱ्याला माहीत नसतं, किंवा माहीत असून त्याला पोट भरायचं असतं. त्याच्यावर रागावण्याआधी ते कंद विकत घेणाऱ्याकडे बघायला हवं असं मला वाटतं.

कास पठारावर ज्यांनी भर गर्दीत टूथब्रश आमरीचे, एकाच बाजूला ओळीने फुलं लागणारे दांडे बघितले असतील, त्यांना गर्दी आणि ओल यांचं नातं लगेच कळेल. पश्चिम घाटाचा भाग म्हणून कास २०१२ मध्ये जागतिक वारसा झालं. तिथे फुलं बघायला जायला हरकत नाही, बघावीतच. पण ठरवून दिलेल्या वाटेवरून. वाटेच्या बाहेर पडलेलं एक पाऊल पातळ माती दाबतं, पाझर दुसरीकडे वळतो आणि पुढच्या वर्षी तिथे खडकच उघडा पडलेला दिसतो.

आमच्या गल्लीतली एक कॉलेजात जाणारी मुलगी गेल्या काही वर्षांपासून मागे लागली होती. "ताई, मला पण न्या." तिच्याकडे माझ्यापेक्षा चांगला कॅमेरा. मी तिला सांगितलं, ये, पण चैत्र-वैशाखात ये, आणि कॅमेरा घरी ठेव. तिला ते विचित्र वाटलं, तरी आली. रणरणत्या उन्हात तुंगारेश्वरच्या बाजूचा कातळ करपलेला होता, गवत जळून गेलेलं. तिला मी खडकावरचे काळे पट्टे दाखवले. पावसाळ्यात जिथून पाणी पाझरतं तिथे शेवाळ वाढतं, आणि उन्हाळ्यात ते सुकून काळा पट्टा उरतो. पाझराचा नकाशाच तो. तिने वही काढली आणि एकेका पट्ट्याच्या कडेला कुठे किती माती आहे, खाचेत हात घालून किती खोल जातो, वरून सावली किती वाजता येते, हे लिहीत गेली. संध्याकाळी तिने मला कुठे कुठे पानं येतील ते दाखवलं. काही जागा माझ्या ओळखीच्या होत्या. एका जागेला मी नाही म्हटलं, कारण तिथून कित्येकदा जाऊनही मी काही बघितलं नव्हतं.

शेवळं बाजारात आली, मग आषाढ लागला. तिने मला फोन केला, धापा टाकत. तिने दाखवलेल्या बहुतेक जागी पानं आली होती. आणि मी नाही म्हटलेल्या खाचेत, पाण्याच्या अगदी काठाला, पंधरा-वीस आमरी एकत्र फुलल्या होत्या.